ओरिजिनल म्हणजे नक्की काय?



तीन महिने ब्लॉगवर एक ओळ टाकली नाही म्हणून दोघांनी मेल केला आणि मिरजेच्या मावशीने थेट फोन लावून "बरा आहेस ना रे?" असं विचारलं. बरा आहे. कारण एवढंच की आमच्या माढ्याच्या वाड्यात पत्र्याखाली पंचवीस वर्षं उभी असलेली अण्णांची फियाट गेल्या रविवारी सकाळी साडेदहाला चालू झाली. आधी खोकली, मग निळा धूर सोडला, मग दोन मिनिटांनी अशी शांत फिरायला लागली की आई आतून पदराला हात पुसत बाहेर आली आणि काही न बोलता दारातच उभी राहिली. फोटो यथावकाश टाकीन.

पण आजची पोस्ट गाडी चालू झाली याबद्दल नाही. ती चालू झाल्यावर अर्ध्या तासात माझं आणि दादाचं जे वाजलं, त्याबद्दल आहे. घरातल्या बऱ्याच जणांनी ग्रुपवर त्यात आपापली भर घातली, काहींनी नुसते अंगठे दाखवले. ग्रुपवर चार ओळींच्या पुढे मला माझं म्हणणं नीट मांडता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. दादाही हा ब्लॉग वाचतो, त्यामुळे हे त्याच्या पाठीमागे बोलणं नाही.

आधी गाडीची ओळख, कारण ब्लॉगवाल्या मित्रांना ती माहीत नाही. फियाट ११०० डिलाइट, १९६९ची. अण्णांनी ती १९७४ साली सोलापुरातून सेकंडहँड घेतली. अण्णा माढ्यात डॉक्टर होते, आणि त्या काळी डॉक्टर म्हणजे व्हिजिटला जाणारा माणूस. मानेगाव, रिधोरे, उपळाई, मोडनिंब, कधी थेट टेंभुर्णी. पावसाळ्यात सीनेकाठच्या काळ्या मातीत गाडी रुतली की बैल जुंपून काढायची. उन्हाळ्यात वेगळाच प्रकार. सोलापूरच्या उन्हात पेट्रोलची पंपातच वाफ व्हायची आणि गाडी भर रस्त्यात हूं की चूं करायची नाही. म्हणून फ्युएल पंपावर ओलं फडकं गुंडाळून ठेवायचं आणि दर दहा-बारा मैलांवर त्यावर तांब्याभर पाणी ओतायचं. हे काम माझं होतं. पाच-सहा वर्षांचा असताना माझी अशी समजूत होती की गाडी पेट्रोलवर चालते आणि पाणी पिते, माणसासारखी भाकरी वेगळी अन् पाणी वेगळं.

ही गाडी बनवणारी कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ज्यांनी १९४४ साली काढली ते वालचंद हिराचंद सोलापूरचेच. त्यामुळे अण्णा ही गाडी 'आपल्या जिल्ह्याची' आहे असं सांगायचे. इटलीवाल्यांना यात विचारायचा संबंधच नव्हता.

इटलीचा विषय निघालाच आहे तर इंजिनाबद्दल थोडं सांगतो, कारण सगळ्या भांडणाचं मूळ तिथे आहे. या फियाटचं इंजिन म्हणजे चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, एकूण १०८९ सीसी. बिडाचा ब्लॉक आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचं हेड. ही मापं फियाटने इटलीत १९३७ साली पहिल्यांदा काढली. आपल्याकडे १९५४पासून ११०० बनू लागली, पुढे तिचं नाव प्रेसिडेंट झालं, १९७४ला पद्मिनी झालं, आणि २००० सालाच्या आसपास उत्पादन थांबलं तरी साध्या पेट्रोल पद्मिनीची मापं तीच होती, ६८ बाय ७५. साठ वर्षांच्या वर एकच माप चाललं! त्यामुळे एकाचं इंजिन काढून दुसऱ्याला बसवणं आपल्याकडे शर्टाचं बटण बदलण्याइतकं सोपं समजलं जायचं. तितकं सोपं ते नसतं, पण समजलं जायचं.

आमच्या गाडीतही तेच झालं. १९८७च्या एप्रिलमध्ये टेंभुर्णीहून येताना फॅनबेल्ट तुटला, पाणी उकळून उडून गेलं, आणि गाडीत बाळंतीण होती म्हणून अण्णा थांबले नाहीत. बाळंतीण आणि बाळ दोघं सुखरूप. त्या बाळाचं स्वतःचं आता मोडनिंबला दुकान आहे. ब्लॉकला मात्र उभी चीर गेली. मग एका ठोकलेल्या पद्मिनीचं इंजिन मिळालं, ते बसवलं आणि आठ दिवसांत अण्णा परत व्हिजिटला. आरसी बुकात जुन्या इंजिनाचा नंबर होता तो तसाच राहिला. त्या वेळी कुणाच्या डोक्यातही आलं नाही की हे कुठे कळवावं लागतं.

१९९९ला गाडी पत्र्याखाली गेली. २०११ला अण्णा गेले. आणि दोन वर्षांपूर्वी दादा निवृत्त होऊन माढ्याला राहायला आल्यावर त्याच्या मनाने घेतलं की गाडी उभी करायची. मी पुण्याहून दर पंधरा दिवसांनी जायला लागलो. खरं सांगतो, सुरुवातीला मी गाडीसाठी जात नव्हतो. निवृत्त झाल्यावर दादा घुम्यासारखा झाला होता, वहिनींनी हळूच सुचवलं होतं, म्हणून जात होतो. मग मलाही चटक लागली.

इंजिन उघडलं तेव्हाची गोष्ट सांगायलाच हवी. चेंबर खाली काढलं, तीन नंबरच्या कनेक्टिंग रॉडचं टोपण सोडलं, बेअरिंगची वाटी बाजूला घेतली आणि तिच्या मागून एक चमकदार कपटा खाली पडला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी! घडी घालून, नीट कापून, वाटीच्या मापाची करून बसवलेली. बेअरिंग झिजून इंजिन ठोकायला लागलं की वाटीच्या मागे असा पातळ पत्रा किंवा चांदी भरून फट कमी करायची, ही जुन्या मेकॅनिक लोकांची युक्ती. काम भागतं. पण वाटी रॉडमध्ये पक्की बसत नाही, उष्णता नीट पलीकडे जात नाही, आणि एखाद्या दिवशी वाटी फिरून तेलाचं भोक झाकलं गेलं तर क्रँकच जाते. म्हणजे ही युक्ती गॅरेजपर्यंत पोचण्यापुरती.

दादा भडकला. कुणी केलं हे? अण्णांना कुणी फसवलं? गावातल्या दोन जुन्या गॅरेजवाल्यांची नावंसुद्धा घेऊन झाली (दोघंही हयात नाहीत, त्यामुळे इथे लिहीत नाही).

उत्तर मिळालं ते भलतीकडेच. अण्णांच्या खर्चाच्या वह्या आईने ट्रंकेत जपून ठेवल्यात. त्यातल्या १९९१च्या वहीत 'गाडी' या सदराखाली एक ओळ आहे. सिगारेट पाकीट एक, आणि पुढे कंसात 'तात्पुरते'. आमच्या घरात ही ओळ म्हणजे मोठा विनोद होता. अण्णा सिगारेटचे कट्टर वैरी, पेशंटला दवाखान्याबाहेर काढायचे, आणि त्यांच्याच वहीत सिगारेट! आई कित्येक वर्षं चिडवायची की तुम्ही तात्पुरती ओढलीत का म्हणून. अण्णा नुसते हसायचे. त्या चांदीच्या कपट्याने तीस वर्षांनी उलगडा केला. रिधोऱ्याहून रात्री येताना इंजिन ठोकायला लागलं होतं, तेव्हाच्या ड्रायव्हरकाकांनी रस्त्याकडेला चेंबर उतरवलं आणि चांदी भरली. ड्रायव्हरकाका आता ऐंशीच्या पुढे आहेत. विचारायला गेलो तर म्हणाले, "व्हय, मीच घातली की. आन् डाक्टरांनी दुसऱ्या दिवशी मला नवं पाकीट घिऊन दिलं. म्हनले, तुझी एक सिगारेट मातीत पडली. फुडच्या आठवड्यात बेरिंग बदलू म्हनलं व्हतं."

तो पुढचा आठवडा आठ वर्षं आला नाही.

तर मंडळी, माझं मत इथून सुरू होतं. त्या चांदीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. रात्री, रस्त्यावर, दुसऱ्या दिवशी पेशंट असताना माणूस हेच करणार. हल्ली 'जुगाड' या शब्दाचं फार कौतुक चालतं, भाषणं होतात, पुस्तकं निघतात. मला त्या कौतुकाचा कंटाळा येतो, कारण ते फक्त रात्रीपुरतं बोलतं. सकाळी काय केलं हे कुणी विचारत नाही. पण अण्णांनी निदान एक शब्द लिहून ठेवला होता, 'तात्पुरते'. त्या एका शब्दामुळे फसवणूक आणि अडचण यातला फरक आम्हाला कळला. नाहीतर दादा अजूनही त्या दोन मेलेल्या माणसांना शिव्या घालत बसला असता.

पुढच्या दीड वर्षात आम्ही जे इंजिन जोडलं त्यातला एकही मोठा भाग दुसऱ्याच्या सख्ख्या नात्यातला नाही. ब्लॉक १९८७ला आलेल्या त्या पद्मिनीचा. क्रँक तिचीच, पण तीन नंबरचा जर्नल अंडाकृती झालेला, म्हणून चारही घासून ०.७५ मिमीच्या अंडरसाइझला न्यावे लागले. त्या मापाच्या बेअरिंगचा एक अख्खा सेट मिळेना. दोन जोड्या पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाल्या (बुधवारी आणि रविवारी भरतो, सकाळी लवकर जावं, दहानंतर फक्त गर्दी मिळते), आणि दोन जोड्या दुसऱ्याच कंपनीच्या, कोल्हापूरहून. जाडी मोजून पाहिली तर सुदैवाने सारखी निघाली.

हेडची कथा रडवणारी. आमचं मूळ हेड वाकलं होतं. एका वर्कशॉपात फेसिंग मारायला दिलं, त्यांनी इतकं खरवडलं की कामातून गेलं. पैसे मात्र पूर्ण घेतले. असो. मग दुसरं हेड शोधायला लागलो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी तुम्हाला आठवत असतील. त्यातली शेवटची २००३च्या ऑक्टोबरमध्ये रजिस्टर झाली होती, आणि वीस वर्षांच्या नियमाने ३० ऑक्टोबर २०२३ला पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, पेपरांत फोटो आले. मला (थोडी लाज वाटते) त्यातही आधी आठवलं ते आमचं हेड! ओळखीच्या ओळखीने कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून एक हेड आलं. सीएनजीवर चाललेल्या टॅक्सीचं, व्हॉल्व्हच्या सीट खोल गेलेल्या. सगळ्या नव्या बसवाव्या लागल्या. ज्या कुर्ल्यात ते कधीकाळी बनलं तिथूनच भंगारात मिळावं, याचं मला उगाचच वाईट वाटलं.

पिस्टनमध्ये तीन एका कंपनीचे आणि चौथा दुसऱ्या. व्यास चारही सारखे, पण वजनाचं काय? चार पिस्टन वर-खाली होताना एकाचंच वजन जास्त असेल तर इंजिन कायम थरथरत राहतं. इतकं बारीक वजन माढ्यात कुठे करणार? दादा सरळ सराफाच्या दुकानात घेऊन गेला. लग्नसराईचे दिवस, दुकानात गर्दी, आणि हा पठ्ठ्या काउंटरवर फडक्यातून चार पिस्टन काढून ठेवतो! सराफ ओळखीचे, त्यांनी चहा पाजून चारही तोलून दिले. चौथा अकरा ग्रॅमने जड निघाला. आतल्या बाजूने, जिथे ताकद लागत नाही तिथलं धातू थोडं थोडं काढत तीनदा सराफाकडे गेलो. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, "डॉक्टरसाहेबांच्या गाडीचं सोनं आता शुद्ध झालं बघा."

जर्मनीतला आमचा भाचा. त्याने मोठ्या प्रेमाने इटलीतल्या दुकानातून 'फियाट ११०० डी'चा पिस्टन रिंगांचा सेट मागवून पाठवला. सुंदर खोका, तेलकट कागद, वास घेत राहावा असा. रिंग बोअरमध्ये धरली तर आत जाईच ना! मोजली तर ७२ मिलिमीटर. मग शोधाशोध केल्यावर कळलं की इटलीत ११०० डी नावाच्या गाडीला १२२१ सीसीचं मोठं इंजिन होतं, आणि आपल्याकडे त्याच नावाखाली जुनं १०८९चंच चालू राहिलं. नाव तंतोतंत तेच, माप वेगळं. (भाच्या, वाईट वाटून घेऊ नकोस, तो सेट शोकेसमध्ये ठेवलाय.)

आणि डायनामोच्या जागी आता अल्टरनेटर आहे, नंतरच्या पद्मिनीतला. त्याची पुली चार मिलिमीटर बाहेर येत होती, बेल्ट तिरका चालायचा. त्यासाठी बुश करून दिला तो कुर्डुवाडीच्या एका फिटरकाकांनी. ते रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेत आणि घरामागे एक छोटं लेथ चालवतात. या काकांनी आम्हाला शिस्त लावली. एखादा भाग दाखवून "बसेल का हो?" विचारलं की ते मायक्रोमीटर पुढे करायचे आणि बाकी काही बोलायचे नाहीत. आमच्या "चालतंय की"ला तिथे किंमत नव्हती. त्यांच्या बोलण्यात बार्शी लाइट रेल्वे सतत यायची. १८९७ला कुर्डुवाडीहून बार्शीकडे निघालेली ती अडीच फुटी रूळांची गाडी. ती आखणाऱ्या कॅल्थ्रॉप साहेबाने इंजिन असो, डबा असो की वाघीण, कुठल्याही धुऱ्यावर पाच टनांच्या वर भार येणार नाही असा हिशोब धरला होता. काकांच्या मते जगातला शहाणा साहेब तो एकच. आता ते रूळही नाहीत, तिथे ब्रॉडगेज झालं.

काकांनीच सांगितलं, वही करा. वर्कशॉपात प्रत्येक इंजिनाची नोंद असायची म्हणे, काय काढलं, काय घातलं, किती मापाचं, तारीख, सही. म्हणून शंभरपानी वही आणली. कुठला भाग कुठून आला, कोणत्या मापाचा, काय जुळत नव्हतं आणि ते कसं जुळवलं, सगळं त्यात आहे. सराफाकडची तिन्ही वजनंसुद्धा. वही गाडीच्या कप्प्यात राहणार.

आता भांडण.

२०२१च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. फी वीस हजार, दहा वर्षांची मुदत, नव्या नंबरप्लेटवर 'व्हीए' अक्षरं. रोजच्या वापराला परवानगी नाही, पण रॅली, प्रदर्शन वगैरेला नेता येते. दादाला ती प्लेट हवी आहे. त्यात काही वाईट नाही. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, आणि तिच्यात चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार होईल असं मोठं काम झालेलं नसावं.

आणि आमच्या आरसी बुकात १९६९च्या इंजिनाचा नंबर, ब्लॉकवर पद्मिनीचा.

एका एजंटाने दादाला सोपा मार्ग सुचवला. ब्लॉकवरचा नंबर घासून जुना नंबर पंच करायचा, दोन तासांचं काम. दादा लगेच हो म्हणाला नाही हे मी इथे मुद्दाम लिहितो. पण नाहीही म्हणाला नाही. रविवारी इंजिन चालू झाल्यावर, सगळे पेढे खात असताना त्याने हे काढलं. त्याचं म्हणणं असं की जुना नंबर काही चोरीचा नाही, आपलाच आहे, आपल्याच गाडीचा आहे, आपण फक्त तो होता तिथे परत आणतोय. आणि अण्णांची गाडी 'व्हिंटेज' म्हणून कागदावर यावी यात कुणाचं काय गेलं?

युक्तिवाद बिनतोड वाटतो. मलाही दोन मिनिटं वाटला. कायद्याने हा सरळ सरळ गुन्हा आहे, हे झालंच. पण समजा नसता, तरी मी नाहीच म्हटलं असतं.

मला जुळत नसलेल्या भागांबद्दल मुळीच कमीपणा वाटत नाही. पन्नास-पंचावन्न वर्षांच्या गाडीचं इंजिन खोललेलं नाही असं कुणी म्हणत असेल तर एक तर ती गाडी चाललेली नाही किंवा तो माणूस खोटं बोलतोय. रॅलीत 'ऑल ओरिजिनल' म्हणून मिरवणाऱ्या काही गाड्यांचं बॉनेट उघडायला लावावं असं मला फार वाटतं :) आईच्या दोन्ही डोळ्यांत कंपनीच्या लेन्स आहेत, म्हणून ती ओरिजिनल नाही का? शेवटी अण्णांच्या स्वतःच्या हृदयात पायातली शीर काढून बसवलेली होती. पण तो बायपास त्यांच्या फाइलमध्ये तारीखवार लिहिलेला होता. दवाखान्यात नवा पेशंट आला की अण्णांचं पहिलं वाक्य काय असायचं? "जुने कागद आणलेत का?" मागे कुणी काय औषध दिलं, काय कापलं, काय शिवलं हे कळल्याशिवाय ते हात लावायचे नाहीत. कागद नसला की वैतागायचे. मागच्या डॉक्टरने चुकीचं केलं असेल तर त्यावर इलाज करता येतो, पण त्याने काय केलं तेच माहीत नसेल तर पेशंट जातो, असं त्यांचं मत होतं.

तो पंच मारलेला नंबर म्हणजे खोटा केसपेपर. पुढे पंचवीस वर्षांनी माझ्या पुतण्याच्या मुलीने हे इंजिन खोललं तर तिला १९६९चा नंबर दिसेल, ती १९६९चं इंजिन समजून भाग शोधेल, आणि काहीच बसणार नाही. आम्ही ७२च्या रिंगा ६८च्या बोअरला लावत बसलो होतो तशी. आणि १९८७च्या एप्रिलमधली ती रात्र, फॅनबेल्ट, बाळंतीण, चीर गेलेला ब्लॉक, हे सगळं त्या पंचाखाली घासून जाईल ते वेगळंच. दादा म्हणतो मी भावनिक होतोय. मला वाटतं भावनिक तो होतोय, मी मापाचं बोलतोय.

दुसरा मार्ग आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात इंजिन बदललं तर नोंदणी कार्यालयाला कळवून आरसी बुकात नोंद करून घ्यायची तरतूद आहे. आपल्याला कळवायला अडतीस वर्षं उशीर झालाय. दंड होईल, हेलपाटे होतील, त्या इंजिनाचे कागद मागतील, जे आपल्याकडे नाहीत. आणि नोंद झाली की बहुतेक 'व्हीए' प्लेट विसरायची. हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो उठून आत गेला आणि जेवायलाच बाहेर आला. त्याच्या दोन वर्षांच्या कष्टांवर मी पाणी ओततोय असं त्याला वाटलं असणार, आणि ते अगदीच खोटं नाही. क्रँक घेऊन सोलापूरला चार खेपा त्याने मारल्या, मी नव्हे. पुण्याला बसून तत्त्वं सांगणं सोपं असतं, हे वहिनींनी मला हसत हसत ऐकवलंय.

मला नियम करणाऱ्यांचंही थोडं चुकलंय असं वाटतं. मूळ स्वरूपाची अट ठीक आहे, नाहीतर लोक जुन्या सांगाड्यात नव्या गाडीचं इंजिन घालून तिला व्हिंटेज म्हणतील. पण त्याच मापाचं, त्याच घराण्याचं इंजिन, १९६९च्या जागी नंतरचं, यात आणि त्यात फरक करायला जागा हवी. तपासणीला समिती असते, तिला वही दाखवता आली पाहिजे. जो माणूस काय बदललं ते लिहून आणतो त्याला नापास आणि जो पंच मारून आणतो त्याला पास, असं झालं तर लोक काय शिकतील ते सांगायला नको.

असो. बुधवारी रात्री दादाचा फोन आला. विषय गाडीचा नव्हता, विम्याचा होता. शेवटी म्हणाला, "सोमवारी आरटीओत जाऊन विचारून येऊ. मी येतो, पण मी काही बोलणार नाही, तूच बोल." एजंटाला काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

तेव्हा उद्या रात्रीच्या गाडीने माढ्याला निघतोय. वही, अण्णांची १९९१ची खर्चाची वही आणि ती चांदी एका पाकिटात घालून बरोबर घेतोय. चांदीचा आरटीओत काही उपयोग नाही हे मलाही कळतं. ड्रायव्हरकाकांनाही गाडीत बसवून माढेश्वरीपर्यंत एक चक्कर मारून आणायची आहे, पण ती आधी नोंदीचं आणि विम्याचं मार्गी लागल्यावर. सध्या त्यांना वाड्याच्या अंगणातच दोन फेऱ्या मारू.

पंपावरचं ओलं फडकं कोण सांभाळणार, यावर पुतण्याच्या मुलीने आधीच हक्क सांगितलाय.